आठ ट्रॅक, एकच कात्री

"आरं, पखवाज मधनंच दोन-दोनदा वाजतोय की." बुवांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून घरी येत होतो आणि ते काय म्हणतायत तेच मला आधी कळेना. बुवा म्हणजे माझे चुलते. अख्खं गाव बुवा म्हणतं म्हणून आम्ही घरातही बुवाच म्हणतो. चाळीस वर्षं झाली, गावच्या भजनी मंडळात पुढे बसून अभंग म्हणतायत. मंडळाचं एक तरी नीट रेकॉर्डिंग असावं असं मला फार दिवस वाटत होतं, ते या वर्षी झालं आणि त्यातले पहिले दोन अभंग साफ करून मी मोठ्या हौसेने त्यांना पाठवले होते. फोन ठेवायच्या आधी बुवांनी पखवाज वाजवणाऱ्या दादांना फोन दिला. दादा आधी थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "त्यो हात माझा न्हवं." हे वाक्य मला फार लागलं. कारण खरंच तो हात त्यांचा नव्हता, मी केलेला होता.

झालं काय होतं ते नीट सांगतो, कारण घरी किंवा गावात चार-आठ माइक लावून रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रत्येकाचं हे कधी ना कधी होतंच, आणि मराठीत यावर कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, आणि रेकॉर्डिंग विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात. खाली शहाबादी फरशी, वर पत्रा, तीन बाजू उघड्या. आठ चॅनलचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायची पेटी), लॅपटॉप, त्यावर रीपर हे रेकॉर्डिंग-एडिटिंगचं सॉफ्टवेअर, सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाची तेवढी मोजमापं. एक माइक बुवांना, एक पेटीला, पखवाजाला दोन (एक शाईच्या बाजूला, एक कणकेच्या बाजूला), टाळकऱ्यांच्या दोन रांगांवर उंच स्टँडला दोन, मागे ध्रुपद धरणाऱ्यांना एक आणि विण्याला एक. असे आठ झाले. प्रत्येक माइकचा एक असे आठ ट्रॅक, त्यांना रंग दिले, नावं दिली, स्क्रीनवर एकाखाली एक आठ वेगळ्या पट्ट्या दिसायला लागल्या आणि इथेच डोळा फसतो, कारण पट्ट्या वेगळ्या दिसतात म्हणून आवाजही वेगळे आहेत असं वाटायला लागतं.

ते वेगळे नसतात. बुवांचा ट्रॅक सोलो करून, म्हणजे बाकीचे बंद ठेवून ऐका, बुवा आहेतच, पण मागे पखवाज आहे, टाळ तर भरपूर आहेत, पेटीही आहे. टाळ हे वाद्यच असं आहे की माइक कुठेही लावा ते आत येणारच. याला सगळे ब्लीड म्हणतात, गळती म्हणा हवं तर. स्टुडिओत काचेच्या खोल्या असतात, एकेकाला वेगळं बसवता येतं, पण भजनात माणसं एकमेकांकडे बघून गातात, बुवांनी मान हलवली की दादा उठाण घेतात, हे काचेतून कसं व्हायचं? म्हणजे गळती राहणारच, आणि माझ्या मते ती राहायलाच हवी, त्या गळतीमुळेच सभामंडप सभामंडपासारखा ऐकू येतो.

आता माझी चूक. दुसऱ्या अभंगात एका ठिकाणी पखवाजाचा एक हात जरा उशिरा पडलाय असं मला वाटलं. झूम करून बघितलं तर साधारण २५ मिलिसेकंद मागे. मी काय केलं, पखवाजाचे दोन ट्रॅक तिथे कापले आणि तो एक बोल २५ मिलिसेकंद पुढे ओढला. पखवाज सोलो करून ऐकला, एकदम चोख. पुढे तसेच अजून सहा-सात हात ओढले. पण तोच हात बुवांच्या माइकमध्येही आहे ना! पखवाजापासून बुवांचा माइक साधारण पावणेदोन मीटरवर होता आणि आवाजाला तेवढं अंतर कापायला ५ मिलिसेकंद लागतात. म्हणजे मुळात बुवांच्या माइकमधला तो बोल पखवाजाच्या माइकच्या ५ मिलिसेकंद मागे होता, आणि एवढा फरक कानाला वेगळा कळत नाही, एकच आवाज वाटतो. मी पखवाज पुढे ओढल्यावर तो फरक झाला ३० मिलिसेकंद. एवढ्या अंतरावर थापेसारखा आवाज सुटा व्हायला लागतो, मग एक हात दोनदा पडल्यासारखा ऐकू येतो. टाळांच्या माइकमध्ये तिसरा, पेटीच्या माइकमध्ये चौथा. हेडफोनवर मला हे ऐकू आलं नाही कारण मी सगळा वेळ पखवाज सोलो करूनच ऐकत होतो. बुवांनी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं आणि पहिल्या मिनिटात पकडलं.

आणि तो हात उशिरा का होता ते नंतर दादांनी सांगितलं. बुवांनी त्या ओळीवर श्वास लांबवला होता म्हणून त्यांनी मुद्दाम थांबून घेतला होता. म्हणजे तो दुरुस्त करायचाच नव्हता. ही गोष्ट वेगळी, पण लिहून ठेवतो.

मग मी परत मूळ फाइलवर गेलो आणि या वेळी पहिलं काम केलं ते ग्रुपिंग. रीपरमध्ये हे अगदी सोपंय, आठही ट्रॅकवरचे आयटम, म्हणजे आवाजाचे तुकडे, सिलेक्ट करायचे आणि जी दाबायचं. झालं. आता कुठलाही एक आयटम धरला की आठही धरले जातात, एक सरकवला की आठही तेवढेच सरकतात, कर्सर ठेवून एस दाबलं की आठही एकाच सॅम्पलवर कापले जातात. सोडवायचं असेल तर यू. आणि थोड्या वेळापुरतं ग्रुपिंग बाजूला ठेवायचं असेल तर वरच्या टूलबारवर त्याचं बटण आहे, पण ते बंद करून ठेवलं आणि विसरलो असं झालं की परत तेच दुखणं, म्हणून मी ते बंद केलं की काम संपेपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावत नाही.

दुसरी गोष्ट रिपल एडिटिंगची. मधला तुकडा काढला की मागचं सगळं पुढे सरकून जागा भरते, त्याला रिपल म्हणतात. रीपरमध्ये त्याचे तीन प्रकार आहेत, बंद, एका ट्रॅकपुरतं आणि सगळ्या ट्रॅकला, ऑल्ट-पी दाबत गेलं की एकामागून एक बदलतात. पहिल्या अभंगाच्या सुरुवातीला बुवा खोकले होते, तो तुकडा मी एका ट्रॅकपुरत्या मोडमध्ये काढला होता, म्हणजे बुवांचा पुढचा सगळा अभंग दीड-पावणेदोन सेकंद पुढे आणि बाकी मंडळ जागच्या जागी. हे मात्र लगेच ऐकू आलं म्हणून वाचलो. मोठी चूक लगेच सापडते हो, काही मिलिसेकंदांची चूक आठवडाभर सापडत नाही.

तशीच एक बारीक चूक टाळांची. पखवाज दुरुस्त करून परत पाठवला तरी बुवा म्हणाले, "टाळ पाण्यात वाजल्यागत लागत्यात." मी तीन संध्याकाळी शोधत होतो, इक्यू बघितला, रिव्हर्ब काढला, काही नाही. शेवटी सापडलं की ग्रुप करायच्या आधीच कधीतरी आयटमवर क्लिक करताना माउस जरासा सरकला होता आणि टाळांच्या डाव्या रांगेचा ट्रॅक जेमतेम १ मिलिसेकंद हलला होता. स्क्रीनवर झूम आउट असताना हे दिसणं शक्यच नाही. १ मिलिसेकंद म्हणजे ४८ सॅम्पल, अंतरात मोजलं तर सुमारे ३४ सेंटिमीटर, म्हणजे मी जणू स्टँड उचलून एक फूट बाजूला ठेवला. पण तेच टाळ दोन्ही माइकमध्ये आहेत, दोन्ही एकत्र वाजले की १ मिलिसेकंदाच्या फरकाने ५०० हर्ट्झला एक खड्डा पडतो, मग १५०० ला, मग २५०० ला, असे वरपर्यंत पडत जातात. एखाद-दुसरा खड्डा चालून जातो, माइकच्या जागांमुळे काही ना काही असतंच, पण हे खड्डे नको तिथे पडले आणि टाळाची जी स्वच्छ किणकिण असते ती विस्कटली. बुवांना फेज (दोन लहरींचं एकमेकींच्या मागेपुढे असणं) माहिती नाही, कोंब फिल्टर (अशी खड्ड्यांची रांग) माहिती नाही, पण चाळीस वर्षं टाळ ऐकलेत. त्यांनी पाणी म्हटलं ते अगदी बरोबर होतं.

यावर एक खात्रीची चाचणी आहे, तिला नल टेस्ट म्हणतात, आणि आता मी ती दर वेळी करतो. मूळ रेकॉर्डिंगची एक कॉपी प्रोजेक्टमध्ये खाली म्यूट करून ठेवायची, तिला हात लावायचा नाही. एडिट झाल्यावर ज्या भागात आपण काही सरकवलेलं नाही तिथे कॉपीच्या ट्रॅकवरचं फेजचं बटण दाबायचं, म्हणजे तो उलटा होतो, आणि एडिट केलेला ट्रॅक न् कॉपी एकत्र वाजवायचे. इफेक्ट सगळे बंद, व्हॉल्यूम दोन्हीचे सारखे. काहीच हललं नसेल तर पूर्ण शांतता ऐकू येते, एकाने दुसऱ्याला खाऊन टाकलं. एक सॅम्पल जरी हललं असेल तरी बारीक खसखस उरते. आठ ट्रॅकला पाच मिनिटं लागतात. माझ्या तीन संध्याकाळी वाचल्या असत्या.

हे सगळं करताना मला टेपचा काळ राहून राहून आठवला, म्हणजे मी तेव्हा नव्हतो, वाचलेलं आहे. दोन इंच रुंद टेपवर २४ ट्रॅक शेजारी शेजारी रेकॉर्ड व्हायचे आणि एडिट म्हणजे खरोखरच ब्लेडने टेप कापायची. एकदा ब्लेड फिरलं की २४ च्या २४ कापले गेले, वेगळं ग्रुपिंग वगैरे करायचा प्रश्नच नाही. पाव इंची टेप ४५ अंशात तिरकी कापायचे, आणि सेकंदाला १५ इंच वेगाने ती तिरकी रेघ हेडवरून जायला साधारण १७ मिलिसेकंद लागायचे, तोच त्यांचा क्रॉसफेड, म्हणजे एक आवाज उतरत दुसरा चढत जाणारा जोड. पण दोन इंची टेप तशीच तिरकी कापली तर वरच्या काठाचा ट्रॅक आणि खालच्या काठाचा ट्रॅक यांच्यात १३३ मिलिसेकंदांचा फरक पडणार, म्हणजे एकीकडे पखवाज कापला गेला आणि दुसरीकडे टाळ अजून जुन्याच टेकचे (टेक म्हणजे एकदा सलग म्हणून घेतलेलं रेकॉर्डिंग). म्हणून रुंद टेपला काप सरळ किंवा अगदी जराच तिरका लागायचा. मला हे वाचून खूप बरं वाटलं, कारण आपण जो ग्रुप करतो तो काही नवीन सोय नाहीये, ते ब्लेडच परत हातात घेतल्यासारखं आहे.

आता कापायचं कुठे. हा भाग मला सगळ्यात आवडतो. भजनाला क्लिक नसतो, मेट्रोनोम नसतो, लय चढत जाते आणि चढलीच पाहिजे, त्यामुळे ग्रिड वगैरे मी सरळ बंद करतो. दोन टेक जोडायचे असतील तर आधी लय जुळते का बघायचं, आणि त्यासाठी मोजायचं काय तर आठ मात्रांच्या ठेक्याचं एक आवर्तन. पहिल्या टेकमधल्या समेपासून पुढच्या समेपर्यंत किती वेळ, दुसऱ्या टेकमध्ये त्याच ओळीला किती. फरक कमी असेल तर जोड लागतो, जास्त असेल तर कितीही क्रॉसफेड करा, ऐकणाऱ्याचा हात टाळी देता देता चुकतोच. जोड समेच्या अगदी किंचित आधी द्यायचा, थाप पडायच्या जेमतेम आधी, म्हणजे ती दणकट थाप जोडाला झाकून टाकते. टाळांचा नाद मात्र मागे रेंगाळत असतो, तो एकदम तोडला की कान लगेच दचकतो, म्हणून तिथे मी ३० ते ४० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड देतो, आठही ट्रॅकला तेवढाच आणि त्याच जागी. क्रॉसफेडचा आकारही बघायचा. दोन वेगळे टेक असतील तर इक्वल पॉवर, म्हणजे मधे आवाज खाली बसत नाही, आणि त्याच टेकचा तोच आवाज स्वतःवर जोडत असाल तर साधा सरळ रेषेचा, नाहीतर मधेच फुगवटा येतो.

एक जागा सांगतो. तिसऱ्या अभंगात दुसऱ्या कडव्यानंतर कुणाच्या तरी मोबाइलची रिंग वाजली, ती आठही माइकमध्ये गेली. दुसऱ्या टेकमध्ये तीच जागा स्वच्छ होती. मी कर्सर समेच्या आधी नेला, पूर्ण झूम केलं, पखवाजाच्या ट्रॅकवर थापेचा उभा कडा दिसतो, त्याच्या आधी ४ मिलिसेकंदांवर थांबलो, एस. मग दुसऱ्या टेकचा ग्रुप ओढून आणला आणि पखवाजाची थाप पखवाजाच्या थापेवर बसवली, फक्त पखवाजाची, बाकी सातकडे बघायचंच नाही, कारण एकमेकांशी त्यांचं नातं आतच पक्कं आहे, ते ग्रुपबरोबर येतंच. ऐकलं. लय जुळली, बुवांचा सूर जुळला, टाळ जुळले आणि तरी जोड कळत होता.

कारण कणीक. पखवाजाच्या डाव्या पानाला ओली कणीक लावतात ती जशी वाळत जाते तसा त्या बाजूचा खर्ज चढत जातो, आवाज कोरडा होतो. पहिला टेक सातला झाला होता, दुसरा पावणेनऊला, मधे दादांनी कणीक काढून नवी लावली होती आणि पाण्याचा हातही जास्त झाला होता. पहिल्यात धूम (त्या बाजूचा खर्जाचा बोल) वर, दुसऱ्यात एकदम खाली आणि लांब. यावर सॉफ्टवेअरमध्ये इलाज नाही असं नाही, त्या एका ट्रॅकचा पिच खाली-वर करता येतो, पण तोच खर्ज बाकीच्या सात माइकमध्येही शिरलेला असतो, म्हणजे परत तेच, एकाला हात लावला की सात जण चुगली करणार. टाइम स्ट्रेचचंही तसंच, प्रत्येक ट्रॅक वेगळा ताणला की फेजची नाती मोडतात, म्हणून मी ताणत नाही, कापतो आणि सरकवतो. शेवटी तिसरा टेक बघितला, तो दुसऱ्याच्या लगेच पाठोपाठ झालेला होता, तीच कणीक. मग अख्खा अभंग दुसऱ्या टेकवर नेला आणि त्यातली एक ओळ तिसऱ्यातून घेतली, पहिला टेक सोडून दिला. पहिल्यात बुवांचा आवाज जास्त मोकळा होता, वाईट वाटलं, पण धूम जुळत नव्हती.

ग्रुप कधी सोडायचा? माझ्या हिशेबाने वेळेत काही हलवायचं असेल तर कधीच नाही. आवाज कमी-जास्त करायचा असेल तर खुशाल. पेटी वाजत नसताना पेटीचा ट्रॅक सरळ कापून टाकू नका मात्र, त्या माइकमध्येही टाळ आहेत, तो बंद झाला की टाळ हलकेच मागे जातात, पेटी आली की पुढे येतात, पूर्ण भजन धाप लागल्यासारखं ऐकू येतं. मी व्हॉल्यूमची रेघ हळूहळू उतरवतो, पाच-सहा डेसिबल, त्याहून जास्त नाही. बुवांच्या ओळीआधी कुणाची बांगडी वाजली असेल तर तेवढ्यापुरतंही तसंच.

रीपर नसेल तरी बिघडत नाही. ऑडॅसिटी फुकट आहे, तिथे ट्रॅक्स मेनूत सिंक-लॉक आहे, तो चालू केला की एका ट्रॅकची लांबी बदलली की सोबतच्या सगळ्यांची बदलते, फक्त लेबल ट्रॅक सगळ्यांच्या खाली ठेवा, मधे ठेवला तर त्याच्या खालचे ट्रॅक वेगळा गट धरतात. क्यूबेसमध्ये ट्रॅक फोल्डरमध्ये टाकून फोल्डरवरचं ग्रुप एडिटिंगचं बटण दाबायचं. प्रो टूल्समध्ये एडिट ग्रुप, लॉजिकमध्येही ग्रुप. एबलटन लाइव्हमध्ये हे फार वर्षं नव्हतं, २०२१ मध्ये आलेल्या लाइव्ह ११ पासून ट्रॅक लिंक करता येतात.

बुवांना परवा तिन्ही अभंग पाठवले. या वेळी आठही ट्रॅक नल टेस्ट करून. त्यांनी ऐकून दादांकडे फोन दिला, दादांनी पूर्ण अभंग फोन कानाला लावूनच ऐकला, मी इकडे लाइनवर, मधे फक्त त्यांचं बोट कशावर तरी ठेका धरत असल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "हां. आता माझा हाय." आणि पुढच्या एकादशीला येताना कणीक तासाभराने बदलायची का, की पूर्ण बैठक एकाच कणकेवर करायची ते आधी ठरवू म्हणाले. मी म्हटलं एकाच कणकेवर, आणि एकेक अभंग लागोपाठ दोनदा म्हणून घेऊ, मग पुढचा.